दुखत नाहीये तिला, तरी ऑपरेशन

परवा रात्री मटार सोलता सोलता सासूबाईंनी विचारलं, "अगं पण तिला दुखत नाही ना काही, मग कापायचं कशाला?" उत्तर मला येत होतं, गेल्या दोन महिन्यांत पाठच झालंय, पण तोंडातून शब्द फुटेना, कारण समोर आमची लेक चिऊ तिच्या कॉर्नर चेअरमध्ये, म्हणजे पाठीला दोन्ही बाजूंनी आधार देणाऱ्या खुर्चीत बसून एकेक दाणा मुठीत पकडायचा प्रयत्न करत होती आणि दाणा निसटला की खळखळून हसत होती. अशा हसणाऱ्या पोरीच्या दोन्ही मांड्यांची हाडं कापायला आपण होकार द्यायचा, हे बोलायला जीभ वळत नाही.

चिऊ पाच वर्षांची आहे. तिसाव्या आठवड्यात झाली, सेरेब्रल पाल्सी (सीपी), म्हणजे मेंदूला लहानपणीच झालेल्या इजेमुळे हालचालींवर ताबा कमी, पायांत ताठरपणा जास्त. डॉक्टरांच्या भाषेत जीएमएफसीएस लेव्हल ४ (हालचालीची पातळी, १ सगळ्यात सौम्य, ५ सगळ्यात तीव्र), म्हणजे बसायला आधार लागतो, वॉकरला धरून कुणीतरी सोबत असलं तर चार पावलं, बाकी सगळीकडे व्हीलचेअर नाहीतर माझी कंबर. ते आम्ही केव्हाच स्वीकारलंय. अशा मुलांचा खुबा हळूहळू वाटीतून सरकतो, हे मात्र आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं.

मला पहिली शंका आली ती डायपर बदलताना. आधी दोन्ही पाय सहज बाजूला व्हायचे, मग डावा पाय अडायला लागला, हात घालून स्वच्छ करायलाच जागा होईना, आणि उताणी झोपवून गुडघे दुमडले की डावा गुडघा उजव्यापेक्षा थोडा खाली दिसायचा. एका डॉक्टरांना दाखवलं तर म्हणाले, दुखायला लागलं की या, तेव्हा बघू. आम्ही गप्प घरी आलो. त्यात आमचे आठ महिने गेले आणि त्याचा मला अजून राग येतो. शेवटी आमच्या फिजिओ मॅडम मागेच लागल्या की खुब्याचा एक्स-रे काढा म्हणून. एक्स-रे काढताना पाय सरळ आणि गुडघ्याच्या वाट्या बरोबर वर हव्यात, नाहीतर आकडा चुकतो, म्हणून जड एप्रन घालून मी तिचे गुडघे धरून उभी आणि ती "आई सोड ना" म्हणत होती.

त्या फिल्मवर साताऱ्याच्या आमच्या हाडांच्या डॉक्टरांनी पेन्सिलीने एक आडवी आणि दोन उभ्या रेघा मारल्या. उभ्या रेघेच्या बाहेर मांडीच्या हाडाचा गोळा किती गेलाय ते मोजायचं, त्याला मायग्रेशन पर्सेंटेज म्हणतात. ३० टक्क्यांच्या वर गेलं की लक्ष ठेवायचं. चिऊचं डावीकडे ४४, उजवीकडे २८.

हे का होतं ते त्यांनी नीट समजावलं. मूल जन्मतं तेव्हा खुब्याचा कोन चालणाऱ्या माणसासारखा नसतोच, उभं राहून, चालून, वजन पडून तो घडतो. आमची पोर चालली नाही म्हणून तो तसाच राहिला, आणि वरून मांडीच्या आतले ताठ स्नायू रात्रंदिवस आत खेचतायत, त्यामुळे गोळा वाटीतून हळूहळू बाहेर सरकतो. मेंदूची इजा वाढत नाही पण हे वाढतं, आणि सुरुवातीला दुखत नाही. दुखतं तेव्हा गोळ्याचा आकार बिघडलेला असतो, मग सोपं काही उरत नाही.

नंतर मी खूप वाचलं. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरियामधला २००६ चा अभ्यास आहे, लेव्हल १ च्या मुलांत खुबा सरकलेला जवळजवळ कुणाचाच नाही, लेव्हल ५ ला दहातल्या नऊ जणांचा. आणि स्वीडनच्या दक्षिण भागात १९९४ पासून सीपी असलेल्या मुलांचे ठरलेल्या अंतराने एक्स-रे काढतात आणि वेळेत ऑपरेशन करतात, तिथे पूर्वी शंभरात आठ-नऊ मुलांचा खुबा पूर्ण निखळायचा, आता एकाचाही धड नाही. हे वाचून त्या रात्री मला झोप लागली नाही.

पुण्यात दोन मतं मिळाली. एक म्हणाले फक्त स्नायू सैल करू, छोटं काम, दोन-तीन दिवसांत घरी. दुसरे म्हणाले ४४ ला नुसत्या स्नायूंवर विसंबू नका, पुन्हा सरकेल आणि दुसरं ऑपरेशन पदरात पडेल, हाड कापून, फिरवून, प्लेट लावू, आणि दोन्ही बाजूंचं एकदमच. म्हणजे रक्त चढवावं लागू शकतं, सहा आठवडे कमरेपासून पायापर्यंत प्लास्टर, नंतर हाडं नाजूक, पुढे कधीतरी प्लेटा काढायच्या. नवरा छोट्या ऑपरेशनच्या बाजूने होता, मी आधी कशाच्याच बाजूने नव्हते.

नातेवाईक फोनवर एकच विचारतात, ऑपरेशन केल्यावर चालेल का? नाही हो, ते यासाठी नाहीच आहे. तिला खुर्चीत सरळ बसता यावं, स्टँडरमध्ये (आधार देऊन उभं करायच्या चौकटीत) उभं करता यावं, मोठी झाल्यावर तिला धुताना पुसताना पाय उघडावेत, आणि विसाव्या वर्षी ती रात्र रात्र दुखण्याने रडू नये, यासाठी आहे. डॉक्टरांनी हे दुसऱ्यांदा सांगितलं तेव्हा नवरा बराच वेळ एक्स-रेकडे बघत राहिला आणि बाहेर आल्यावर म्हणाला, मोठंच करू.

तर तारीख जानेवारीतली घेतलीय, प्लास्टरमध्ये उन्हाळा नको म्हणून. तोवर तिचं वजन दीड किलोने वाढवायला सांगितलंय, म्हणून शेंगदाण्याचं कूट आणि तूप प्रत्येक घासात. निरामयचं, म्हणजे अपंगांसाठीच्या सरकारी आरोग्य विम्याचं कार्ड आहे, वर्षाला एक लाखापर्यंत, बाकीचे आम्ही जमवतोय. ज्यांची लेकरं लेव्हल ३, ४, ५ ला आहेत त्यांनी दुखायची वाट बघू नका, एक्स-रे काढून आकडा लिहून ठेवा, एवढं माझं ऐकाच.

सासूबाईंना मी काल दुपारी सगळं सांगितलं, पेन्सिलीच्या रेघांसकट. त्या काही बोलल्या नाहीत. संध्याकाळी त्यांनी कपाटातून जुनी सुती साडी काढली, मशीनवरचं कापड बाजूला केलं आणि विचारलं, प्लास्टरमध्ये पाय किती फाकलेले असतात गं, घेर किती ठेवू, नाड्या बाजूला लावू का पुढे? मला माहीत नव्हतं, म्हणून फिजिओ मॅडमना फोन लावला. बाजूलाच लावा म्हणाल्या.