चढ परवडला, उतार नको

झाली एकदाची डोंगरातली हाफ मॅरेथॉन! अंतर तेच, २१.०९७५ किलोमीटर, पण सपाट रस्त्यावरचा टायमिंग इथे विसरायचा.

खड्या चढावर मी सरळ चालत सुटलो, हात मांड्यांवर टेकवून. शेजारून धापा टाकत पळणारे फार काही पुढे गेले नाहीत, त्यामुळे चालण्यात कमीपणा कसला? खरी वाट लावली ती उतारानं. उतरताना मांडीचे पुढचे स्नायू ताणले जात असतानाच ब्रेक लावत असतात, त्यात त्यांच्या तंतूंना बारीक इजा होते. आज काहीच वाटत नाही. ठणका लागतो दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी. ढांगा टाकल्या की टाच आपटते, म्हणून छोटी, भराभर पावलं. त्यात पायाखाली सुटे खडे, चाकोरीत चिखल, आणि रस्ता अडवून निवांत रवंथ करणारी गुरं. त्यांना आपल्या पेसशी काय देणंघेणं!

एका वळणावर स्वयंसेवक ओरडला, "आता सगळा उतारच आहे!" पुढे चांगले दोन चढ निघाले. (आणि उतारही होताच, दुर्दैवानं.)

मेडल गळ्यात आहे. आता जिना उतरायचाय, कठडा धरून आणि जमलं तर उलटं.