सहा महिने, एक टकळी आणि एकच मोजा

परवा कपाट आवरताना नवऱ्याला एक पिशवी सापडली आणि त्याने विचारलं, "अगं हे काय, टाकून देऊ का?" त्यात माझा मोजा होता. एकच. मी त्याच्या हातातून तो असा ओढून घेतला की बिचारा घाबरलाच. कारण तो नुसता विणलेला मोजा नाहीये, त्याचं सूतसुद्धा मी कातलंय, टकळीवर, म्हणजे बोटांनी फिरवायच्या एका छोट्या काडीवर, रोज थोडं थोडं, सहा महिने. त्या हिशोबाने आमच्या घरातली सगळ्यात महागडी वस्तू तीच.

विणकाम माझ्याकडे आईकडून आलं. आमच्या घरात कोणाला दिवस गेले की आई सुया काढायची, बाळंतविड्यात हाताने विणलेलं टोपडं आणि मोजे नसतील तर तो बाळंतविडाच नाही असं तिचं म्हणणं. मला आठवीत असताना सुलट-उलट शिकवलं, एक मफलर झाला, मग कॉलेज, नोकरी, मुलगा, आणि सुया वीस वर्षं पेटीत. लॉकडाऊनमध्ये परत काढल्या, म्हणजे सगळ्यांनी काहीतरी काढलंच तेव्हा, कोणी पावाचं पीठ आंबवलं, मी सुया काढल्या.

पहिला मोठा पराक्रम म्हणजे भाच्यासाठी स्वेटर. पॅटर्न अमेरिकन, त्यात लिहिलेलं 8 नंबरची सुई, मी तुळशीबागेतून 8 नंबरची सुई आणली, दीड महिना विणलं आणि स्वेटर भाच्याच्या टेडीला बसला. तेव्हा कळलं की अमेरिकेची 8 नंबर म्हणजे 5 मिलिमीटर आणि आपल्याकडे मिळणारी 8 नंबर म्हणजे 4 मिलिमीटर. वर आणखी गंमत, त्यांच्याकडे नंबर वाढला की सुई जाड होते आणि आपल्याकडे नंबर वाढला की बारीक, आपली 10 नंबर म्हणजे सव्वातीन मिलिमीटर. हे कुठेच कोणी सांगत नाही. आता मी फक्त मिलिमीटर बघते, आणि सुरुवातीला चार इंची तुकडा विणून टाके मोजते, जे आई पहिल्यापासून कर म्हणत होती आणि मी कधीच ऐकलं नाही.

बरं, ती लोकरही लोकर नव्हतीच. आपण दुकानात "लोकर द्या" म्हणतो आणि बहुतेक वेळा मिळतं ते ॲक्रिलिक, म्हणजे कृत्रिम धागा. एक धागा जाळून बघा, खरी लोकर केस जळल्यासारखी वास मारते आणि बाजूला केली की विझते, ॲक्रिलिक वितळून टणक काळा मणी होतो. ॲक्रिलिक वाईट असं मी म्हणत नाही, बाळाचे कपडे मशीनला टाकायचे तर तेच बरं पडतं, पण पुण्याच्या ऑक्टोबरमध्ये ते मांडीवर घेऊन विणून बघा, घामाघूम.

सूतकताईचं खूळ मात्र मावशीमुळे. मावशी अठ्ठ्याहत्तरची, शाळा वर्ध्याकडची. वर्ध्याला 1937 साली गांधीजींची ती शिक्षण परिषद झाली, हाताच्या कामातून शिक्षण वगैरे, त्याचं वारं तिच्या शाळेपर्यंत पोचलेलं आणि त्यामुळे तिला सूतकताईचा तास होता. एकदा गप्पांमध्ये ती म्हणाली, "तुम्ही सगळं विकतच्या दोऱ्याचं करता, आम्ही दोरा पण करायचो." मला तो टोमणा लागला. मी टकळी आणि पेळू, म्हणजे पिंजलेल्या कापसाच्या सैल वळ्या, मागवले. मावशीने टकळी हातात घेतली, जवळजवळ साठ वर्षांनी, स्टीलच्या वाटीत टेकवली, अंगठा आणि बोटाने एक गिरकी दिली आणि पेळूमधून दोरा असा निघत गेला की जणू तो आधीपासूनच आत गुंडाळून ठेवलेला होता. माझा प्रत्येक वेळी तुटायचा. "ओढू नकोस गं, जाऊ दे त्याला," एवढंच ती म्हणायची, आणि हे वाक्य ऐकून ऐकून मला राग यायला लागला होता.

टकळी म्हणजे आहे तरी काय, पितळेची एक चकती आणि मधून पोलादी काडी, टोकाला छोटा आकडा. पण कापसाचा तंतू असतो जेमतेम इंचभर, त्यामुळे त्याला पीळ खूप लागतो आणि तोही भराभर, म्हणून टकळी हलकी आणि जोरात फिरणारी. पीळ कमी पडला की दोरा सुटतो, जास्त झाला की गुठळ्या आणि वेटोळी. पहिले दोन आठवडे माझ्या अर्ध्या तासात आठ-दहा मीटर निघायचं, त्यात तीन ठिकाणी सुरवंट, म्हणजे जाड फुगलेले गोळे.

मध्ये मी हावरटपणाने पेटी चरखाही मागवला. तो येरवड्याचा, म्हणजे खरोखरच गांधीजी 1930 मध्ये येरवडा तुरुंगात असताना त्यांनी ज्यावर डोकं चालवलं तो घडीचा चरखा, पुस्तकासारखा उघडतो, एक मोठं चाक एक छोटं चाक. त्याच्या आदल्या वर्षी, 1929 मध्ये, चांगला चरखा बनवणाऱ्याला 1 लाख रुपयांचं बक्षीस जाहीर झालेलं, त्या काळातले 1 लाख! मला आला त्याचं चातं, म्हणजे सूत गुंडाळणारी फिरती काडी, वाकडं होतं, विकणारा फोन उचलेना, आणि मी तो सरळ करायला गेले तर आणखी वाकडं झालं. सध्या तो टीव्हीखाली आहे, पाहुणे कौतुक करतात, मी काही बोलत नाही. टकळी मात्र पर्समध्ये मावते, वाकत नाही आणि बिघडायला तिच्यात काही नाहीच.

आता खरी भानगड. महिनाभर कातून मी मोठ्या उत्साहात विणायला बसले, एकेरी सुतावर, आणि चौकोन विणायला घेतला तर समोसा तयार व्हायला लागला, म्हणजे सगळं एका बाजूला कलायला लागलं. मला वाटलं टाके चुकतायत, तीनदा उसवलं. मावशीला फोन केला तर ती हसली, "अगं पीळ आहे तो, कुठे जाणार?" एकेरी सुतात साठलेला पीळ सुटायला बघतो आणि विणलेलं कापड तिरकं ओढतो. सुंभ जळला तरी पीळ जात नाही हे लहानपणापासून माणसांबद्दल ऐकलेलं, सुताबद्दल पहिल्यांदा अनुभवलं. उपाय म्हणजे दोन किंवा जास्त एकेरी सुतं, म्हणजे पदर, एकत्र करून उलट्या दिशेने पीळ द्यायचा, मग दोन्ही पीळ एकमेकांना धरून ठेवतात, आणि मग लडी उकळत्या पाण्यातून काढायची म्हणजे सूत शांत होतं.

आणि इथेच गणिताने माझा घात केला. सुताला नंबर असतो, एका पौंडात 840 यार्डांच्या जितक्या लड्या बसतील तो नंबर, त्यामुळे इथेही नंबर मोठा तितकं सूत बारीक, अगदी आपल्या सुयांसारखंच. माझं सूत 10 नंबरच्या आसपास, मावशीचं 20 च्या वर. 10 नंबरचं सूतसुद्धा मोज्यासाठी एवढं बारीक की चार पदर घ्यावे लागतात. मोज्यांच्या जोडीला साधारण 300 मीटर दोरा, गुणिले चार, म्हणजे 1200 मीटर कातायचं, वर पदर घालायचा वेळ वेगळा. माझा आत्ताचा वेग अर्ध्या तासाला 30 मीटर. म्हणजे रोज अर्धा तास, एकही दिवस न चुकता 40 दिवस. आणि विणायला? एक मोजा चार संध्याकाळी. चार! मी विणते सशासारखी आणि कातते कासवासारखी, आणि ही दोन्ही जनावरं एकाच घरात पाळायची म्हणजे ससा सारखा उपाशी.

न चुकता वगैरे तर सोडाच. गणपतीत दहा दिवस गेले, मग मुलाची परीक्षा, मग ऑफिसात क्वार्टर एंड, मग मान धरली. या सगळ्यात मला अपराधी वाटायचं, आणि तेव्हा एक गोष्ट वाचून जाम बरं वाटलं. बेळगावला 1924 च्या काँग्रेस अधिवेशनात गांधीजी अध्यक्ष होते आणि तेव्हा असा नियम झाला की सभासद व्हायचं तर महिन्याला 2000 यार्ड सूत द्यायचं. स्वतः कातता येत नसेल तर दुसऱ्याकडून कातून आणा, पण द्या. नऊ-दहा महिन्यांत, सप्टेंबर 1925 मध्ये, नियम ढिला करावा लागला, पैसे द्या किंवा सूत द्या. स्वराज्य मागणाऱ्या लोकांना महिन्याला 2000 यार्ड जमेना तर मी कोण. 2000 यार्ड म्हणजे 1830 मीटर, मी महिन्यातले सगळे दिवस कातलं तरी 900 मीटरला पोचते. म्हणजे अर्धी सभासद.

लोकर कातायचा पण प्रयत्न झाला. फलटणकडे ओळखीच्यांच्या शेतात धनगरांची मेंढरं बसवली होती, तिथल्या मामांनी पिशवीभर लोकर दिली, काळी, दख्खनी मेंढीची, घोंगडीची असते ती. "ताई, टोचंल हां," असं आधीच सांगितलं होतं त्यांनी. मी ती बाथरूममध्ये धुतली. पाणी चार वेळा चहासारखं निघालं, आत गवत, काटे, आणखी काय काय, जाळी तुंबली, आणि तो वास दोन दिवस टॉवेलांना. वर मी गरम पाण्यात चोळून धुतली, जे अजिबात करायचं नसतं, अर्धी लोकर एकमेकांत गुंतून घट्ट पोळी झाली. उरलेली कातायला मात्र कापसापेक्षा सोपी गेली, तंतू लांब, तुटतच नाही. टोचते मात्र, खरंच टोचते, त्यामुळे त्याचं चौकोनी आसन विणलंय आणि त्यावर मांजर झोपतं. मांजराला टोचत नाही.

सध्या बसलेली घडी अशी की ज्या ऑफिस कॉलमध्ये मला बोलायचं नसतं त्यात कॅमेरा बंद करून कातायचं. सोमवारचा कॉल सव्वा तासाचा असतो, तो 70-75 मीटर देतो. पूर्वी त्या कॉलचा मला संताप यायचा, आता लवकर संपला तर वाईट वाटतं. आणि सशाला उपाशी ठेवायचं नाही म्हणून एका सुईवर कायम विकतच्या दोऱ्याचं काहीतरी असतं, अगदी ॲक्रिलिकचं टोपडंसुद्धा, तो संध्याकाळचा टीव्हीसमोरचा खुराक.

तर तो मोजा. नवऱ्याकडून वाचवल्यावर मी जिद्दीने दुसरा विणायला घेतला, कातून ठेवलेलं सूत होतंच, तेवढेच टाके घातले, तीच सुई, दोन सुलट दोन उलट. टाचेपर्यंत गेल्यावर पहिल्याच्या शेजारी ठेवला तर हा चांगलाच लहान. आधी वाटलं सुई बदलली की काय. मग दोन्ही दोरे शेजारी धरून बघितले, नवीन सूत पहिल्यापेक्षा किती बारीक आणि सारखं आलंय, सुरवंट नाहीत. सहा महिन्यांत माझा हात सुधारला आणि त्यामुळे जोडी जमेना.

नवऱ्याचं म्हणणं, पहिल्यासारखं जाड सूत परत कात. प्रयत्न केला, येत नाही आता तसं. मग तिसरा मोजा सुरू केलाय, दुसऱ्याला जोडी म्हणून. पहिला मावशी घेऊन गेली. म्हटलं एका मोज्याचं तू काय करणार, तर म्हणाली टकळी ठेवायला पिशवी हवीच होती.