एका तांबड्या पेशीचे 120 दिवस

सामान्य विज्ञानाचा पेपर जवळ आला की मुलं माझ्याकडे एकोळी नोंदींच्या वह्या घेऊन येतात. 'लोहित पेशींचं आयुष्य 120 दिवस.' 'केंद्रक नसतं.' 'प्लीहा म्हणजे लोहित पेशींची स्मशानभूमी.' (प्लीहा हा पोटात डावीकडे, बरगड्यांखाली असणारा अवयव.) सगळं बरोबर, पण सुटं सुटं. असं पाठांतर चार पर्याय समोर आले की डळमळतं. म्हणून रक्त शिकवताना मी एकच तांबडी, म्हणजे लोहित, पेशी धरते आणि तिच्या जन्मापासून शेवटापर्यंत मुलांना सोबत नेते.

मोठ्या माणसात ती लाल अस्थिमज्जेत जन्मते. (गर्भात हे काम बराच काळ यकृताकडे असतं, हेही विचारतात.) सुरुवातीला तिला केंद्रक असतं. वाढता वाढता ती ते बाहेर टाकते, तंतुकणिकाही (ऑक्सिजन वापरून ऊर्जा तयार करणारे पेशीतले भाग) काढून टाकते. आत उरतं ते मुख्यतः हिमोग्लोबिन. त्याच्या एका रेणूत लोहाचे चार अणू, म्हणून तो ऑक्सिजनचे चार रेणू धरतो. लोह कमी पडलं की रक्तक्षय का होतो, ते इथेच कळतं.

आता मला या धड्यात सर्वांत आवडणारी गोष्ट. तंतुकणिकाच नाहीत, त्यामुळे शरीरभर ऑक्सिजन पोचवणारी ही पेशी स्वतः त्यातला जराही वापरत नाही. ग्लुकोजचं ऑक्सिजनविना विघटन करून ती आपली ऊर्जा मिळवते. आणि केंद्रक नाही म्हणजे नवी प्रथिनं नाहीत, झीज भरून काढायची सोय नाही, विभाजन नाही. म्हणून आयुष्य जेमतेम 120 दिवसांचं! दोन सुट्या नोंदी इथे एकमेकींना जोडल्या जातात.

कोणाच्या तांबड्या पेशींत केंद्रक असतं, या प्रश्नाच्या पर्यायांत बेडूक, पक्षी आणि उंट हमखास दिसतात. बेडूक आणि पक्ष्यांच्या तांबड्या पेशींत केंद्रक असतं. उंटाच्या पेशी लंबगोल असतात, पण उंट सस्तन प्राणी, त्यामुळे केंद्रक नाही.

म्हाताऱ्या पेशींना मुख्यतः प्लीहेत आणि यकृतात भक्षकपेशी गिळतात. लोह वाया जात नाही, ते पुन्हा मज्जेकडे जातं. हिमोग्लोबिनच्या उरलेल्या रंगद्रव्याचं आधी हिरवं बिलिव्हर्डिन होतं, मग पिवळं बिलिरुबिन. मुका मार लागल्यावर त्वचेखालचा काळानिळा डाग काही दिवसांनी हिरवट आणि मग पिवळसर होतो ना? हीच क्रिया तिथे डोळ्यांसमोर चाललेली असते. पुढे यकृत हे बिलिरुबिन पित्तात सोडतं. ते रक्तात साठलं की डोळे, त्वचा पिवळी पडते, ती कावीळ. काविळीचा प्रश्न आला की यकृताइतकीच ही मरणारी पेशीही आठवा.

रक्तगटही याच पेशीच्या पृष्ठभागावर ठरतो. ए आणि बी हे प्रतिजन (पेशीची ओळख सांगणाऱ्या खुणा) तिच्यावर असतात; आपल्या पेशींवर जे नाहीत, त्यांच्या विरोधातली प्रतिपिंडं (परक्या खुणांवर हल्ला करणारी प्रथिनं) रक्तद्रवात. ओ गटाच्या पेशींवर दोन्ही प्रतिजन नाहीत, आणि निगेटिव्ह म्हणजे आरएच हा आणखी एक प्रतिजनही नाही, म्हणून ओ निगेटिव्हच्या पेशी सहसा कुणालाही चालतात. पण त्या माणसाच्या रक्तद्रवात ए आणि बी दोन्हींविरुद्धची प्रतिपिंडं असतात, त्यामुळे त्याला स्वतःला मात्र ओ गटाचंच रक्त लागतं, आणि आरएच नसल्यामुळे तेही सहसा निगेटिव्हच. कार्ल लँडस्टायनर यांनी 1901 मध्ये हे गट मांडले आणि 1930 मध्ये त्यांना नोबेल मिळालं. एबी गट मात्र त्यांनी नाही, 1902 मध्ये डेकास्टेलो आणि स्टर्ली यांनी शोधला.