वसुलीच्या मॅडम नंदवाळला

ज्यांना पंढरपूरपर्यंत चालत जायला रजा मिळत नाही, त्या कोल्हापूरकरांसाठी नंदवाळ आहे. करवीर तालुक्यातलं गाव, पण प्रतिपंढरपूर म्हणून मान मोठा. आषाढी एकादशीला सकाळी मिरजकर तिकटीच्या विठ्ठल मंदिरापासून दिंडी निघते. मग रंकाळा, साने गुरुजी वसाहत, पुईखडीवर रिंगण आणि पुढं वाशीवरून नंदवाळ. सकाळी टाळ घेऊन निघालेला माणूस रात्री घरी वरीचा भात आणि शेंगदाण्याची आमटी खायला हजर असतो. पंढरीची वारी करणारे जुने लोक याला वारी म्हणायला जरा कचरतात. मी म्हणते.

मी एका पतसंस्थेत वसुलीला आहे. दिवसभर फोनवर बोलायचा माझा एक आवाज आहे. थंड, एका पट्टीतला, शेवटी ‘समजलं ना?’ असं विचारणारा. तो माझा नव्हे, खुर्चीचा आहे. घरी आणि पेठेत मी ‘आलो, गेलो, जेवलो’ असंच बोलते, कोल्हापुरातल्या कितीतरी बायका बोलतात तसं. मला बघायला पुण्याची मंडळी आली होती, तेव्हा आईनं आत बोलावून दम भरला होता, ‘आज तेवढं आली-गेली म्हण गं बाई.’ म्हणजे सोंग घ्यायचं शिक्षण नोकरीच्या आधीच झालेलं.

दिंडीत शिरलं की नाव जातं. ‘सरका माऊली’, ‘माऊली, पिशवी पडली बघा’. डॉक्टर, हमाल, शिपाई, सगळ्यांना एकच हाक. कडक इस्त्रीची टोपी घालून चौकात फोटोपुरते उभे राहणारेही असतात. टाळ दोन हातांत धरायचा असतो हेही त्यांना ठाऊक नसतं. फोटो झाला की गाडीचं दार वाजतं. मला त्यांचा राग येत नाही. उरलेले आम्ही तरी टोपी, गंध, बुक्का लावूनच आलेलो असतो की.

रंकाळ्याच्या कडेनं जाताना मागून एक अभंग ऐकू येत होता. पुरुषाचा आवाज, पण वरच्या पट्टीत बारीक होणारा, आणि कडव्याच्या शेवटी खाकरल्यासारखा खोकला. तो खोकला मला पाठ होता. आमच्या यादीत एक थकीत खातं आहे, दोन म्हशींचं कर्ज. फोन लावला की नेहमी एक पोरगं उचलतं, ‘बाबा घरात न्हाईत, रानात गेल्यात’, आणि खोकतं. वळून बघितलं. पन्नाशीचा गडी, मिशा भिजलेल्या, खांद्यावर टॉवेल. कर्जाच्या सह्या घेताना समोर बसला होता, त्यानंतर आज. त्यानंही ओळखलं. अभंग मध्येच अडखळला, पण टाळ थांबला नाही.

पुढं साने गुरुजी वसाहत लागते. इथून जाताना मला हटकून वाटतं, ‘माऊली’ ही हाक फार स्वस्तात वापरतो आपण. पंढरपूरचं देऊळ हरिजनांना खुलं व्हावं म्हणून साने गुरुजींना मे १९४७ मध्ये उपोषणाला बसावं लागलं. तोवर शतकानुशतकं वाटेत सगळे माऊली आणि दारात पोचलं की ज्याची त्याची जात. चोखोबांची समाधी महाद्वाराबाहेर आहे ती उगाच नाही. ते गेले १३३८ मध्ये, मंगळवेढ्याला गावकुसाची भिंत अंगावर कोसळून. ढिगाऱ्यात अनेकांची हाडं मिसळलेली. मग नामदेवांनी एकेक हाड कानाशी लावलं आणि ज्यातून विठ्ठलनाम ऐकू आलं ती चोखोबांची, अशी कथा आहे. हाडातून माझं काय ऐकू येईल, हा विचार मनात आला आणि ‘समजलं ना?’ असं उत्तर सुचलं. हसू आलं आणि नाहीही.

पुईखडीवर पाऊस भुरभुरत होता. रिंगणात अश्व धावला आणि त्याच्या टापांखालची माती कपाळाला लावायला झुंबड उडाली. माती कसली, चिखलच. मग रीतीप्रमाणं सगळे एकमेकांच्या पाया पडायला लागले. तो समोरच आला. वाकला. ‘माऊली.’ मीही वाकले. त्याच्या पायात रबरी चप्पल होती, एक अंगठा तारेनं बांधलेला. वसुलीत आम्ही असलं काही बघत नाही, बघायचं नसतं.

वाशीकडं उतरताना तो शेजारून चालू लागला. माझ्याकडं न बघता म्हणाला, ‘माऊली, आमच्या गावात एक मानूस हाय. दोन म्हशी घेतल्या त्यानं. एक गाभण असताना मेली. दुसरी आटली. आता फोन वाजला की त्येच्या पोटात गोळा येतोय.’

मीही रस्त्याकडंच बघत म्हटलं, ‘आमच्या ओळखीची एक बाई आहे. तिलाही वरून फोन येतात. महिनाअखेरीला तिच्याबी पोटात गोळा येतोय.’

‘मग त्या बाईनं काय करावं, असं तुमचं म्हणनं?’

‘त्या माणसानं आधी खरं सांगावं की.’

नाथांनी भारुडात वासुदेव, गोंधळी, जोशी, महार अशी सोंगं घेतली. पैठणचा ब्राह्मण महाराच्या तोंडून जोहार घालतो आणि एरवी जे कुणी ऐकून घेतलं नसतं ते लोकांना ऐकवतो. मुखवटा काढल्याशिवाय खरा माणूस दिसत नाही असं सगळे म्हणतात. आम्ही दोघं तर उसन्या माणसांच्या आडून बोललो आणि तेवढंच खरं बोललो. तो ‘मी’ म्हणाला असता तर मला लगेच खातं क्रमांक आठवला असता.

नंदवाळला दर्शनाची रांग लांब होती. गर्दीत तो कुठं गेला कळलं नाही. मी राजगिऱ्याचा लाडू खात रांगेत उभी राहिले. दर्शन क्षणाचं झालं, तेही पुढच्याच्या खांद्यावरून.

पुढच्या आठवड्यात त्याचं नाव यादीत होतंच. फोन लावला.

‘बाबा घरात न्हाईत.’ तोच बारीक आवाज, मागोमाग खोकला.

‘बरं बाळ,’ मी म्हटलं. ‘बाबांना सांग, हप्ते पाडून हवे असतील तर अर्ज घेऊन शुक्रवारच्या आत ये म्हणावं. दूध संस्थेचा दाखला आण म्हणावं. म्हशीचा पंचनामा झाला असला तर तोही.’

थोडा वेळ काहीच नाही.

‘पंचनामा हाय मॅडम,’ पलीकडून जाड आवाजात आलं, आणि लगेच बारीक होऊन, ‘म्हंजे, बाबा म्हणत हुते.’