वाळवंटी केळी

आमच्या रावेर-सावदा पट्ट्यातली केळी पिकवून तशीच सोलून खायची. भाजीची केळी वेगळी. इंग्रजीत अशा नुसत्या खायच्या केळीला ‘डेझर्ट बनाना’ म्हणतात आणि घोटाळा तिथेच होतो. या डेझर्टमध्ये एस दोन. त्यातला एक गळाला की जेवणानंतरचं गोड जातं आणि वाळवंट येतं. मागे एका निर्यातदाराच्या चकचकीत माहितीपत्रकावर असाच एक एस गळालेला पाहिला. खाली हिरवेगार घड आणि वर सोनेरी अक्षरांत वाळवंटी केळी! माल जाणार आखातात, आणि इथे पारा ४५ च्या घरात. ही चूक आहे हे पटवून देणंच अवघड झालं. “काय भो, बरोबर तर लिहिलंय,” एक केळीवाले म्हणाले, आणि त्यांच्या कपाळावरचा घाम पाहता माझ्याकडे उत्तर नव्हतं.

अशा चुकीला संगणकाची लाल रेघ बहुधा येत नाही. शब्द शुद्धच असतो, फक्त जागा चुकलेली असते. हल्लीची साधनं वाक्याचा अंदाज घेऊन कधी टोकतात, कधी नाही. मराठीतही हे आहेच. ‘शिक्षक दिन’ लिहिताना दि दीर्घ काढला की सगळे गुरुजी एका फटक्यात दीन होतात. लांबलचक इंग्रजी शब्दांना आपण बिचकतो, डिक्शनरी उघडतो, म्हणून ते सहसा नीट उतरतात. दगा देतात ते हे रोजच्या उठबशीतले.

इंग्रजांची गफलत मुख्यतः कानाची. ‘देअर’ कानाला एकच, लिहायचा मात्र तीन तऱ्हांनी, आणि जन्मभर इंग्रजी बोलणारेही तिथे घसरतात. आपण शब्द स्पेलिंगसकट घोकलेले, त्यामुळे देअरला सहसा फसत नाही. आपल्या गफलतीचं मूळ, मला वाटतं, ‘करणे’ आणि ‘होणे’ या दोन क्रियापदांत आहे. “मी त्याला ॲडव्हाइस केलं”, “उन्हाचा इफेक्ट झाला”, “बाग अफेक्ट झाली” असं आपण दिवसभर बोलतो. पाहुणा शब्द नाम आहे की क्रियापद, हे मराठी विचारतच नाही. मागे करणे-होणे जोडलं की काम भागतं. विचारणा होते ती इंग्रजीत लिहायला बसल्यावर.

ॲडव्हाइस सोपं आहे. सल्ला म्हणजे नाम असेल तर शेवटी ‘आइस’, म्हणजे सी. बर्फ ही हातात धरायची वस्तू, हे आमच्या मे महिन्यात कुणाला सांगावं लागत नाही. सल्ला देण्याची क्रिया असेल तर एस, आणि उच्चारही ‘झ’कडे झुकतो. अफेक्ट-इफेक्ट जरा खट्याळ. पीकविम्याच्या पत्रात ऊन बागेला ‘अफेक्ट’ करतं आणि बागेवर दिसतो तो ‘इफेक्ट’, इथवर ठीक. पण बँक जेव्हा ‘पेमेंट इफेक्ट केलं’ असं कळवते तेव्हा इफेक्टच क्रियापद होतं आणि अर्थ निघतो, व्यवहार पार पाडला. पैशांवर काही परिणाम झाला असं समजून धावत जायचं कारण नाही.

अशा जोड्यांना पुस्तकी नियमापेक्षा गावची खूण बरी. प्रिन्सिपल घ्या. शेवटी पी, ए, एल. आमच्या तालुक्यात सातपुड्यात पाल नावाचं गाव आहे, पाटीवर इंग्रजीत नेमकं असंच लिहितात. कॉलेजचे प्रिन्सिपल सहल घेऊन पालला जातात. सोसायटीच्या कर्जातलं मुद्दलही प्रिन्सिपलच, तेही पालचं. तत्त्व तेवढं पालला जात नाही, त्याच्या शेवटी एल आणि ई. (तत्त्व आणि प्रिन्सिपल एकाच खुर्चीत बसलेले मी क्वचित पाहिलेत, पण ते असो.)

स्टेशनरीचं तसंच. वह्या-पाकिटांच्या स्टेशनरीत एन्व्हलपचा ई, आणि जागची न हलणारी गाडी स्टेशनरी असते तेव्हा अमळनेरचा ए. मूळ दोघांचं एकच आहे. मध्ययुगात युरोपातल्या विद्यापीठांजवळ फिरस्त्या विक्रेत्यांसारखं न हिंडता एका जागी दुकान थाटून बसत, ते पुस्तकविक्रेते म्हणजे स्टेशनर. आठवडे बाजारातला फिरता आणि चौकातला पक्क्या गाळ्याचा, हा फरक आपल्याला काही नवा नाही.

‘लूज’ तर बाजारातलाच शब्द. घड खोक्यात न भरता तसेच ट्रकमध्ये रचले की माल लूज गेला. त्यात ओ दोन. गमावण्याच्या ‘लूझ’मध्ये ओ एकच, फणीतून एक केळं निखळून पडल्यासारखा. “दोन खोकी गमावू” असं कळवताना ओ जास्त पडला तर पलीकडचा वाचतो, “दोन खोकी मोकळी सोडू.”

पलीकडचाही काही कमी नसतो. परवा एका ओळखीच्या निर्यातदाराला आखातातल्या व्यापाऱ्याचा मेल आला. ‘क्वाइट गुड’ लिहिताना त्याने ई आणि टीची अदलाबदल केली होती, त्यामुळे माल ‘बराच चांगला’ऐवजी ‘शांत चांगला’ निघाला. पेमेंट मात्र वेळेवर आलं होतं, तेव्हा त्याला ॲडव्हाइस करायला कुणी गेलं नाही.