वायर लोकल, म्हणून वॉरंटी नाही?

हळू आवाजात गाणं लावलं की माझ्या ॲम्प्लिफायरची उजवी बाजू गायब व्हायची. व्हॉल्यूम वाढवला की खर्र करून परत यायची. आतला स्पीकर रिले, म्हणजे स्पीकर जोडणारा-तोडणारा आपोआप चालणारा स्विच, त्याचे कॉन्टॅक्ट काळवंडले की हेच होतं. वॉरंटी शिल्लक होती म्हणून मी खोललं नाही, नाहीतर घरीच उरकलं असतं.

परभणीत त्या कंपनीचं सर्व्हिस सेंटर नाही. ते धूड खोक्यात घालून तपोवन एक्स्प्रेसनं छत्रपती संभाजीनगरला नेलं. काउंटरवरच्या पोरानं खोकं उघडायच्या आधीच विचारलं, "वायर कोणती लावलीय सर?"

"तांब्याची, अडीच स्क्वेअर एमएम. इलेक्ट्रिकच्या दुकानातली."

"मग आवाज जाणारच की. आधी आमची ऑडिओ केबल लावून बघा, मग जॉबशीट करू."

त्या केबलच्या किमतीत आमच्याकडं दुसरा स्पीकर येतो. मी त्याला हिशोब सांगितला. स्पीकरपर्यंत चार मीटर, जाऊन-येऊन आठ. अडीचच्या वायरचा रोध एवढ्या लांबीला ०.०६ ओहमच्या आसपास, आणि समोर स्पीकर ८ ओहमचा. ह्यात जाणारा आवाज ०.१ डेसिबलसुद्धा भरत नाही, कुणाचा कान तो पकडणार? तो म्हणाला, "सिस्टीममध्ये केबलचं नाव टाकल्याशिवाय एंट्री पुढं सरकत नाही." नाव टाक म्हणलं, तर यादीत फक्त त्यांच्याच केबली! साहेब जेवायला गेलेले. साहेब आले, त्यांनीही तेच सांगितलं, फक्त इंग्रजीत. खोकं घेऊन परत स्टेशन. नंतर फोन केला की "मीटिंगमध्ये आहेत", ईमेल केला की आपोआप येणारं आभाराचं उत्तर.

केबलमुळं आवाज बिघडतच नाही असं मी म्हणत नाही. अर्ध्या स्क्वेअर एमएमची बारीक वायर दहा मीटर ओढली तर जाऊन-येऊन रोध ०.८ ओहमपर्यंत जातो. स्पीकरचा स्वतःचा रोध सुरागणिक बदलतो, त्यामुळं मग आवाजाचा पोतही थोडा हलतो. रेकॉर्ड प्लेअरची केबल तर जपूनच घ्यावी. तिथं सिग्नल काही मिलिव्होल्टचाच असतो, केबलच्या आतली तारेची जाळी खराब असली की गुणगुण आत शिरते. पण जाड, लहान, घट्ट कसलेली तांब्याची वायर आणि चांदीच्या भावातली केबल ह्यांत घरात बसून फरक ओळखून दाखवावा कुणी.

शेवटी पुरावाच केला. ॲम्प्लिफायर बंद करून मागच्या बाजूला उजवी-डावी वायर अदलाबदल केली. आता डावा स्पीकर मुका! म्हणजे उजवी वायर निर्दोष, उजवा स्पीकरही निर्दोष, दोष मशीनच्या उजव्या टर्मिनलमागं. हे मोबाइलवर एका दमात, न तोडता शूट केलं. (वायरचा एखादा सुटा धागा लाल-काळ्या टर्मिनलांना एकदम चिकटू देऊ नका, ॲम्प्लिफायरच जायचा.) तो व्हिडिओ आणि बिल जोडून १९१५ ह्या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. तक्रार क्रमांक ईमेलमध्ये टाकल्याबरोबर साहेबांची मीटिंग संपली. जॉबशीटसुद्धा झाली, केबलच्या रकान्यात 'इतर' लिहून. हा 'इतर' आधी कुठं होता कोण जाणे.

रिले बदलला, उजवी बाजू बोलू लागली. वायर तीच आहे.

मशीन परत घेताना तिथंच लावायला सांगा, आणि अगदी हळू आवाजात. ते लोक मोठ्या आवाजात वाजवून दाखवतात, आणि तेव्हा हा दोष दिसतच नाही.