तुम्ही विचारलंत म्हणून : "आमच्या माणसावर प्रयोग करणार का?"

परळच्या एका रुग्णालयात, छातीच्या शस्त्रक्रिया विभागात, मी संशोधन समन्वयक म्हणून काम करते. ज्या रुग्णांना एखाद्या अभ्यासात सहभागी होता येण्यासारखे असते त्यांच्याशी आणि त्यांच्या नातेवाइकांशी बोलणे, संमतीपत्र समजावून सांगणे आणि पुढे वर्षानुवर्षे त्यांची विचारपूस करून नोंदी ठेवणे, हे माझे काम. मागच्या पावसाळ्यात चिपळूणहून वडिलांना घेऊन आलेल्या एका मुलाने मला विचारले, "ताई, खरं सांगा, म्हणजे बाबांवर प्रयोग करणार का तुम्ही?" हा प्रश्न मला जवळजवळ रोज ऐकावा लागतो. मी उत्तर द्यायला सुरुवात केली तोच त्यांच्या नंबरची हाक आली आणि बोलणे अर्धवट राहिले. ते उत्तर येथे सविस्तर लिहीत आहे.

होय, तो प्रयोग असतो. हा शब्द टाळून मी कोणाचे समाधान करू पाहत नाही, कारण नातेवाइकांना ती टाळाटाळ लगेच कळते. मात्र कोणता प्रयोग, कशासाठी आणि कोणाच्या परवानगीने, हे समजल्याशिवाय त्या शब्दाची भीती जात नाही.

त्या मुलाच्या वडिलांना अन्ननलिकेचा कर्करोग होता. आधी भाकरी अडकू लागली, मग भात, आणि आमच्याकडे आले तेव्हा वरणाचे पाणीसुद्धा घोटाघोटाने उतरत होते. घरच्यांनी चार महिने ते पित्तावर नेले होते. अशा रुग्णावर शस्त्रक्रिया करायची म्हणजे छाती आणि पोट अशा दोन पोकळ्यांत काम करावे लागते. उजव्या फुप्फुसातील हवा काढून ते मिटवतात आणि तेवढा वेळ रुग्णाचा श्वास एकट्या डाव्या फुप्फुसावर चालवतात. अन्ननलिकेचा रोगट भाग आजूबाजूच्या लसिकाग्रंथींसह काढतात, जठराची लांबट नळी तयार करतात आणि ती छातीत किंवा मानेपर्यंत वर ओढून उरलेल्या अन्ननलिकेला जोडतात. हा जोड भरून येईपर्यंत सर्वांचा जीव टांगणीला लागलेला असतो, कारण तो गळला तर संसर्ग थेट छातीत पसरू शकतो. पुढे आयुष्यभर थोडे थोडे, दिवसातून सहा वेळा खायचे आणि जेवल्यावर लगेच आडवे व्हायचे नाही, हे पथ्य.

एवढी मोठी शस्त्रक्रिया यशस्वी झाली तरी पूर्वी अनेकांचा आजार परत येत असे. म्हणून आधी केमो आणि रेडिएशन, ज्याला आमच्याकडचे रुग्ण 'लाईट' म्हणतात, देऊन मग शस्त्रक्रिया करावी, असा विचार पुढे आला. आज रुग्ण विचारतात, "गाठ काढता येते ना, मग आजच का काढत नाही?" त्याचे उत्तर नेदरलँड्समध्ये झालेल्या 'क्रॉस' नावाच्या अभ्यासात आहे, जो २०१२ साली प्रसिद्ध झाला. त्यातील ३६६ रुग्णांपैकी निम्म्यांवर सरळ शस्त्रक्रिया झाली आणि निम्म्यांना आधी पाच आठवडे केमो आणि रेडिएशनच्या २३ बैठका मिळाल्या. पहिल्या गटातील निम्मे रुग्ण २४ महिन्यांहून अधिक जगले, दुसऱ्यातील निम्मे सुमारे ४९ महिन्यांहून अधिक. आज मुंबईत कोणाला आधी लाईट मिळते ती त्या रुग्णांच्या होकारामुळे, आणि सरळ शस्त्रक्रियेच्या गटात गेलेल्यांचा वाटाही त्यात तेवढाच मोठा आहे, असे मला मनापासून वाटते.

मग प्रश्न सुटला, आता आणखी प्रयोग कशाला? कारण त्या अभ्यासातील सुमारे तीन चतुर्थांश रुग्णांना ग्रंथींच्या पेशींतून होणारा, ॲडिनोकार्सिनोमा नावाचा प्रकार होता. आपल्याकडे जास्त आढळतो तो अन्ननलिकेच्या आतील अस्तराच्या चपट्या पेशींतून होणारा, स्क्वॅमस नावाचा प्रकार. तंबाखू, बिडी आणि दारूशी त्याचा घट्ट संबंध आहे आणि आमच्या ओपीडीतल्या कितीतरी आजी आयुष्यभर मिश्री लावत आलेल्या असतात. स्क्वॅमस प्रकारच्या रुग्णांवर जपानमध्ये एक मोठा अभ्यास झाला, त्यात ६०१ रुग्ण होते आणि २०२४ साली त्याचे निष्कर्ष आले. तेथे दोन औषधांच्या केमोला रेडिएशनची जोड देऊन आयुष्यात ठाम फरक सिद्ध झाला नाही, उलट दोन औषधांच्या केमोपेक्षा तीन औषधांची केमो उजवी ठरली. म्हणजे एका देशात रेडिएशनने आयुष्य वाढले, तर दुसऱ्या देशात तीन औषधांनी रेडिएशनशिवाय बाजी मारली. त्यात आपले रुग्ण येतात ते पंधरा किलो वजन घालवून, पैकी काहींच्या फुप्फुसांवर जुन्या टीबीचे व्रण असतात. तीन औषधांचा मारा त्यांना सोसेल का, हे परक्या देशातील आकड्यांवरून कोणी सांगू शकत नाही. ते येथेच पाहावे लागते.

सर्वांत अवघड जाते ते यानंतरचे. कोणत्या गटात जायचे हे संगणक ठरवतो, डॉक्टर नाही आणि रुग्णही नाही, हे सांगितले की लोक हमखास म्हणतात, "म्हणजे लॉटरीच की!" त्या मुलाचे वडील तोवर काही बोलले नव्हते, ते म्हणाले, "एवढा मोठा डॉक्टर, त्याला कळत नाही होय, कुठलं चांगलं ते?" त्यांच्या प्रश्नात राग नव्हता, धक्का होता. मी त्यांना सांगितले की, "काका, कळत असतं तर तुम्हाला विचारलंच नसतं, सरळ तेच दिलं असतं." दोनपैकी कोणता उपचार सरस हे खरोखर ठाऊक नसते तेव्हाच असा अभ्यास करण्याची मुभा असते. आणि निवड डॉक्टरांवर सोपवली, तर ते धडधाकट रुग्ण नकळत एका गटात घालतील आणि अशक्त दुसऱ्यात. मग फरक औषधाचा होता की रुग्णाच्या ताकदीचा, हे कधीच उमगणार नाही.

अनुभवी डॉक्टरांच्या अंदाजालाही मर्यादा असतात, याची उदाहरणे या क्षेत्रात पुष्कळ आहेत. पुढे गेलेल्या आजारात आधी केमो आणि लाईट उपयोगी पडते, तर सुरुवातीच्या आजारात ती अधिकच उपयोगी पडेल, असे कोणालाही वाटेल. फ्रान्समध्ये पहिल्या आणि दुसऱ्या टप्प्यातील १९५ रुग्णांवर हे तपासले गेले आणि २०१४ साली निष्कर्ष आला: आयुष्य वाढले नाही, आणि शस्त्रक्रियेनंतरचे मृत्यू मात्र ३.४ टक्क्यांवरून ११.१ टक्क्यांवर गेले. हा अभ्यास झाला नसता, तर चांगल्या हेतूने दिलेल्या उपचाराने किती जण गेले असते, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

फुप्फुसाच्या बाबतीत तर एकाच प्रश्नाची दोन उत्तरे मिळाली. १९९५ साली अमेरिकेतील अभ्यासाने दाखवले की, सुरुवातीच्या कर्करोगात फुप्फुसाचा पूर्ण खंड, म्हणजे त्याच्या दोन-तीन मोठ्या भागांपैकी एक, काढण्याऐवजी लहान तुकडा काढला तर आजार त्याच जागी जास्त वेळा उलटतो. त्यानंतर पंचवीस वर्षांहून अधिक काळ पूर्ण खंड काढणे हाच नियम राहिला. दरम्यान सीटी स्कॅनमुळे फार लहान गाठी दिसू लागल्या. मग जपानमध्ये दोन सेंटिमीटरपर्यंतच्या, फुप्फुसाच्या बाहेरील भागातील गाठींसाठी तोच प्रश्न ११०६ रुग्णांवर पुन्हा तपासला गेला. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या त्या निष्कर्षानुसार, खंडाचा केवळ एक भाग काढलेल्यांपैकी ९४.३ टक्के रुग्ण पाच वर्षांनी हयात होते, पूर्ण खंड काढलेल्यांपैकी ९१.१ टक्के. आजार त्याच जागी उलटण्याचे प्रमाण मात्र लहान शस्त्रक्रियेत जास्तच होते, हेही त्याच निबंधात स्वच्छ लिहिले आहे. ज्याचे एक फुप्फुस टीबीने आधीच निकामी केले आहे, त्याच्यासाठी वाचलेला तो भाग म्हणजे जिना चढता येणे.

येथे मुंबईतील एक दुखणे सांगितल्याशिवाय राहवत नाही. आपल्याकडे एक्स-रेवर डाग दिसला की तो टीबीचाच, असे धरून चालण्याची सवय आहे. माझ्या मामाला एका दवाखान्यात थुंकीची तपासणी किंवा बायोप्सी न करता सात महिने टीबीची औषधे दिली गेली. डाग वाढत राहिला, औषधेही चालू राहिली. योग्य जागी पोहोचला तेव्हा शस्त्रक्रियेची वेळ निघून गेली होती. दोन सेंटिमीटरच्या गाठींवरील उत्तम संशोधन वाचताना मला दर वेळी मामाची ती एक्स-रेची पिशवी आठवते.

आता परवानगीविषयी. कोणताही अभ्यास सुरू होण्यापूर्वी नैतिकता समिती तो तपासते. तिच्यात डॉक्टरांबरोबर कायद्याचा जाणकार आणि वैद्यकक्षेत्राबाहेरची सामान्य व्यक्तीही असावी लागते. संमतीपत्र रुग्णाच्या भाषेत असते, त्याची एक प्रत त्याला मिळते, आणि लिहिता-वाचता येत नसेल तर त्रयस्थ साक्षीदारासमोर अंगठा घेतला जातो. त्यातील एक शब्दही समितीच्या मंजुरीशिवाय बदलता येत नाही. आमच्या एका संमतीपत्रात 'यादृच्छिकीकरण' असा शब्द होता, जो मलाच दोनदा वाचावा लागे. तेथे "कोणता उपचार मिळेल हे संगणक ठरवेल" असे साधे वाक्य घालून घ्यायला मला समितीकडे अर्ज करावा लागला. मंजुरी मिळाली तो दिवस मला अजून आठवतो.

आणि एक चूक माझी. काही वर्षांपूर्वी एका बाईंच्या समक्ष त्यांच्या यजमानांनी सही केली, मी सर्व मुद्दे नीट वाचून दाखवले होते, आणि उठता उठता त्या म्हणाल्या, "सही केली नसती तर ऑपरेशनची तारीख मिळाली नसती ना?" माझ्या लक्षात आले की अर्धा तास बोलूनही मुख्य गोष्ट त्यांच्यापर्यंत पोहोचलीच नव्हती. मी ते पत्र बाजूला ठेवले आणि पुन्हा पहिल्यापासून सांगितले. त्यांनी अभ्यासातून माघार घेतली, आणि शस्त्रक्रिया ठरल्या तारखेलाच झाली. तेव्हापासून माझे पहिले वाक्य ठरलेले आहे: "तुम्ही नाही म्हणालात तरी उपचारात काहीही कमी होणार नाही, आणि आज हो म्हणून उद्या नाही म्हणायचीही तुम्हाला मोकळीक आहे."

चिपळूणच्या काकांनी दोन दिवस विचार करून होकार दिला. त्यांच्या वाट्याला लाईटशिवायचा गट आला. मुलगा हिरमुसला, काका शांत होते. शस्त्रक्रियेनंतर तीन चेंडूंचे ते श्वासाचे यंत्र ते दर तासाला ओढत. पहिल्या दिवशी एकच चेंडू हलला, सहाव्या दिवशी दोन वर राहिले. आता दर तीन महिन्यांनी मी फोन करते आणि विचारते की घास नीट जातो का, वजन किती आहे, रात्री खोकला येतो का. गणपतीनंतरच्या फोनवर त्यांनी सांगितले की एक मोदक अर्धा अर्धा करून दोन वेळा खाल्ला. माझ्या फॉर्ममध्ये त्यासाठी 'मऊ अन्न, त्रास नाही' असा रकाना आहे, तेथे मी खूण केली.

या फोनवरच सारे अवलंबून असते. उपचारानंतर गावी गेलेला रुग्ण सापडेनासा झाला, तर तो बरा आहे की गेला हे आम्हाला कळत नाही, आणि असे दहा-पंधरा जण निसटले की इतरांनी सोसलेल्या उपचारांतून निघालेले उत्तरही डळमळीत होते. म्हणून तुमच्या घरातील कोणी अशा अभ्यासात असेल आणि मोबाईल नंबर बदलला असेल, तर फाईलच्या पहिल्या पानावर लिहिलेल्या क्रमांकावर तेवढे कळवा.